पेरिपॅटसच्या बरणीतली अळी

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून एक लांब लाकडी मांडणी आहे, आणि तिच्यावर फॉर्मॅलिनच्या बरण्या ओळीनं ठेवल्या आहेत. डावीकडून निघालं की आधी स्पंज लागतात. मग जेलीफिश, पट्टकृमी, जंत, गांडूळ, जळू. पुढं खेकडा, विंचू, गोम, त्यानंतर शंखशिंपले आणि अगदी उजवीकडं, खिडकीपाशी, तारामासा. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांची ही रांग मी कितीतरी वर्षं शिकवते आहे आणि अजूनही शिकवताना माझं भान हरपतं. स्पंजला तोंडच नाही, अंगभर भोकं आहेत, त्यांतून पाणी जातं-येतं आणि तो जगतो. जेलीफिशला तोंड आहे, पण बाहेर पडायला दुसरं दार नाही. जंताला दोन्ही दारं आहेत. गांडुळाचं अंग कड्याकड्यांचं, खेकड्याचा सांगाडा अंगाच्या बाहेर, आणि तारामाशाला तर डोकं नावाचा प्रकारच नाही. जगायचं काम एकच, पण त्यासाठी शरीराची मांडणी किती तऱ्हांनी करून पाहिली आहे बघा, असं मी दरवर्षी पहिल्या तासाला म्हणते. मुलं ते वहीत लिहून घेतात.

मुलं सगळंच लिहून घेतात, बघत मात्र काहीच नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षेत ‘स्पॉटिंग’ असतं. टेबलावर दहा बरण्या मांडायच्या, लेबलं झाकायची, दर दोन मिनिटांनी घंटी वाजली की मुलानं पुढच्या बरणीसमोर जायचं, प्राणी ओळखायचा, त्याचा संघ आणि वर्ग लिहायचा, ओळखीची खूण लिहायची. आमची मुलं प्राणी ओळखत नाहीत, बरणी ओळखतात. पिचक्या झाकणाची बरणी म्हणजे जळू, बुडाशी गाळ असलेली म्हणजे समुद्रफूल, काचेवर चरा असलेली म्हणजे गोगलगाय. पास व्हायला तेवढं पुरतं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मीही त्यांच्याकडून असंच घोकून घेत असे, हे आधीच कबूल करते. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच होतं.

मी मूळची उमरीकडची, नोकरीला इकडं चाकूर भागातल्या या कॉलेजात. नोकरी म्हणजे तासिका तत्त्वावरची. जूनमध्ये अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, आणि वर्ष संपलं की आपण कोणीच नाही. अशा नोकरीत माणसानं नमतं घ्यायला शिकावं. मला ते जमलं नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या चाचांनी तो सगळ्यात जास्त सोसला. चाचा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर, मूळचे हिमायतनगरचे. बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलणं, लेबलं डकवणं, परीक्षेत घंटी वाजवणं हे त्यांचं काम. मला ‘मॅडम’ म्हणत, पण सुरात बापाचा हक्क असायचा.

जळू आणि खेकडा यांच्या मधोमध एक लहान बरणी होती. तिच्यातला प्राणी म्हणजे पेरिपॅटस. हा आपल्याकडं सहज दिसत नाही, दूरच्या ओल्या जंगलात कुजक्या लाकडाखाली राहतो. अंग गांडुळासारखं मऊ, पण पोटाखाली ठेंगण्या पायांच्या जोड्याच जोड्या, पायांना नख्या, डोक्यावर दोन मिशा, आणि श्वास घ्यायला किड्यासारख्या नळ्या. जुनी पुस्तकं त्याला गांडूळ आणि किडे यांच्यातला दुवा म्हणायची. आता तसं मानत नाहीत. किडे-खेकड्यांचा तो जवळचा भाऊबंद, गांडुळाशी त्याचं नातं लांबचं, असं आता म्हणतात. दुवा असो की भाऊबंद, आमच्याकडं तो एकच होता, आणि कॉलेज सुरू झालं तेव्हापासून होता. विभागप्रमुख सर पाहुण्यांना आधी तीच बरणी दाखवायचे.

ती बरणी माझ्या हातून फुटली.

मूल्यांकन समिती येणार होती. पंधरा दिवस कॉलेजात रंगरंगोटी चालली होती. सरांनी सगळी लेबलं बदलायला लावली, मग अक्षर बारीक वाटतं म्हणून पुन्हा बदलायला लावली. समिती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार, आणि दुपारी चाचांनी पेरिपॅटसच्या बरणीवर लेबल तिरकं लावलं. मी भडकले. “द्या इकडं, तुमच्यानं एक काम धड होत नाही,” म्हणत बरणी त्यांच्या हातातून हिसकली. फॉर्मॅलिननं काच निसरडी झाली होती. बरणी निसटली, ओट्याच्या कडेवर आपटली आणि खाली गेली. काचा गोळा करताना कळलं की आतला जुनाट प्राणी नुसता सुटा झाला नव्हता, त्याचा चुरा झाला होता.

चाचा म्हणाले, “सरला सांगू मॅडम. फुटली म्हणू. काच हाय, फुटतीच.” पण सर त्या बरणीपाशी समितीला घेऊन जाणार, हे मला माहीत होतं, आणि जूनमध्ये माझा अर्ज कोणासमोर जाणार हेही माहीत होतं. कॉलेजच्या मागं तुरीचं रान होतं, शेंगा भरत आल्या होत्या. मी तिथं गेले आणि शेंगेत डोकं खुपसून बसलेली एक चांगली जाड अळी घेऊन आले. घाटेअळी. हरभऱ्याच्या घाट्यात शिरते म्हणून ते नाव, पण तुरीलाही सोडत नाही. पुढं सगळं मी एखाद्या सराईतासारखं केलं. आधी उकळत्या पाण्यात, म्हणजे अळी काळी पडत नाही. मग फॉर्मॅलिन. मग काचेच्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्यानं बांधली, पाय पट्टीच्या बाजूला, पाठ बघणाऱ्याकडं. अळीला पेरिपॅटससारख्या मिशा नसतात, म्हणून रंगाच्या ब्रशाचे दोन केस डोक्याजवळच्या दोऱ्यात खोचले. नव्या बरणीवर लेबल लावलं. सरळ.

चाचा सगळं बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “मॅडम, हे काय करून राहिले तुम्ही?”

“समिती गेली की बदलू,” मी म्हणाले.

समितीनं बरणी पाहिली आणि मान डोलावली. सरांनी दुव्याची गोष्ट रंगवून सांगितली. मला हसू आलं होतं, हेही सांगून टाकते. त्यानंतर नवा पेरिपॅटस कुठून आणायचा हे ठरेना, आणि हळूहळू मी तो विषय मनातून काढून टाकला. फॉर्मॅलिनमध्ये अळीचा हिरवा रंग गेला, ती मातकट झाली, जुन्या पेरिपॅटससारखीच. तीन वर्षं मी त्या बरणीसमोर उभी राहून पेरिपॅटस शिकवला.

तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, एका मुलीनं हात वर केला. चाकूरपलीकडच्या एका खेड्यातून रोज बसनं यायची. घरी तूर आणि सोयाबीन. अंगानं बारीक, बोलायची कमी, आणि शेवटच्या वर्षाच्या सगळ्या वर्गात ही एकटी मुलगी बरणीजवळ नाक नेऊन बघायची. ती म्हणाली, “मॅडम, ही घाटेअळी हाय की. आमच्या तुरीवर हीच असती बगा. फवारणीच्या आधी आम्ही झाड हलवून खाली पोत्यावर पाडताव आन् मोजताव. लई बगितल्यात मी.”

खरं सांगायची हीच वेळ होती. मला आतून घाम फुटला, आणि मला घाम फुटला की राग येतो. मी म्हणाले, “तुरीचं रान घरी ठेवून यायचं. पेरिपॅटस आणि अळी यांतला फरक कळत नसेल तर बी.एस्सी.ला कशाला आलीस? पोत्यावर अळ्याच मोजायच्या होत्या ना?”

सगळे हसले. ती बसली. त्या दिवसापासून मुलं तिला ‘घाटेअळी’ म्हणायला लागली. मी ते जिन्यात ऐकलं, एकदा नव्हे, चारपाच वेळा. प्रत्येक वेळी माझी मान खाली गेली, आणि प्रत्येक वेळी मी पुढं चालत गेले. तिनं पुन्हा कधी हात वर केला नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक नांदेडहून आले होते, जुने, कडक, नाव ऐकलं की मुलांचे हातपाय गार पडायचे. मी अंतर्गत परीक्षक. त्या परीक्षेचं ओझं त्या मुलीवर किती होतं ते मला ठाऊक होतं, कारण ओळखपत्राच्या कामाला तिचा भाऊ कॉलेजात आला होता तेव्हा त्यानं मलाच ऐकवलं होतं. “पहिल्या झटक्यात सगळं निघालं तरच नांदेडला एम.एस्सी., मॅडम. एक बी विषय राहिला तर शिक्षण बंद. मग घरी बसायचं.” ती त्याच्या मागं उभी होती. तिच्या तोंडावर काही दिसलं नव्हतं, पण तिनं ओढणीच्या टोकाला गाठ मारली होती आणि ती सारखी सोडून परत मारत होती.

माझंही काही कमी नव्हतं. आमच्याच विभागात कायमच्या जागेची जाहिरात निघाली होती, मुलाखती पुढच्या महिन्यात, आणि विषयतज्ज्ञ म्हणून येणाऱ्यांत हेच परीक्षक असतील अशी कुणकुण होती. त्यामुळं सकाळपासून मी त्यांच्या पुढंपुढं करत होते. स्पॉट निवडताना ते मांडणीवरून फिरले, बोटानं बरण्या दाखवत गेले. “ही घ्या. ही घ्या. हा पेरिपॅटस घ्या, तुमच्याकडचा नमुना चांगला दिसतो.” चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. बरणी टेबलावर गेली, स्पॉट क्रमांक सहा.

परीक्षकांनी मुलांना बजावलं. बरणीला हात लावायचा नाही. बरणी फिरवून मागच्याला खूण करतात, झाकणाखाली चिठ्ठी लावतात, हे सगळं मला माहीत आहे, कोणी सापडलं तर सरळ गैरप्रकाराचा अहवाल जाईल. मुलं त्याला ‘कॉपी केस’ म्हणतात. केस झाली की एकच पेपर जात नाही, त्या सत्राचं सगळं रद्द होतं.

सोळा मुलांची तुकडी होती. पंख्याचा आवाज, पेनांचा आवाज, दर दोन मिनिटांनी चाचांची घंटी. ती मुलगी पाचव्या स्पॉटवर होती तेव्हाच माझं लक्ष तिच्याकडं गेलं. घंटी वाजली. ती सहाव्यावर आली. तिनं लिहायला सुरुवात केली नाही. वाकली, एका डोळ्यानं बघितलं, मग टेबलाच्या बाजूनं मान वळवून मागून बघायचा प्रयत्न केला. मागं भिंत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, लिही, पोरी, पेरिपॅटस लिही आणि पुढं जा. तेवढ्यात तिनं डाव्या हाताची दोन बोटं बरणीला लावली आणि बरणी अलगद अर्धी फिरवली.

काचेच्या पट्टीतून पाय दिसले असणार. तिचे ओठ हलत होते. मग तिनं पेन उचललं, आधी डाव्या तळहातावर काहीतरी लिहिलं, आणि मग मधूनमधून तळहात बघत कागदावर भराभर लिहीत गेली.

“थांब!”

परीक्षकांचा आवाज इतका मोठा आला की दोघातिघांची पेनं खाली पडली. ते ताडताड तिच्यापाशी गेले, तिचा हात धरून वर केला. तळहातावर निळ्या शाईत तीन आकडे होते. तीन, चार, एक.

“काय आहे हे? कोणाला सांगत होतीस? कुठल्या स्पॉटचे नंबर?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच, आणि लगेच नजर खाली घातली. “चूक झाली, सर,” ती म्हणाली.

आकडे मी बघताक्षणी ओळखले. त्या खोलीत ते आकडे वाचता येणारी मी एकटी होते. छातीशी सांध्यांचे खरे पाय, तीन जोड्या. पोटाखाली मांसल गुबगुबीत पाय, चार जोड्या. शेपटाशी शेवटची एक. घाटेअळीच्या शरीराची मांडणी ती हीच, आणि ती मी स्वतः कीटकांच्या तासाला फळ्यावर काढून शिकवली होती. पेरिपॅटसला असे तीन प्रकारचे पाय नसतात, त्याचे सगळे एकसारखे, आणि याच्या दुप्पट तरी जोड्या. पोरगी कॉपी करत नव्हती. परीक्षेत बसलेल्या सोळांमध्ये प्राणी बघत होती ती एकटीच.

परीक्षकांनी तिचा कागद काढून घेतला, पालथा करून आपल्या टेबलावर ठेवला, तिला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि बाकीच्यांना पुढं जायला सांगितलं. घंटी वाजत राहिली. उरलेले स्पॉट संपेपर्यंत ते अहवाल लिहीत होते, आणि मी मुलांमधून फिरण्याचं सोंग करत होते. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी चालल्या होत्या. बोलले तर मुलाखत गेली, आणि नुसती मुलाखत नाही, खोटा नमुना बनवणारी बाई म्हणून नावही गेलं. नाही बोलले तर ती स्टुलावरची पोरगी घरी बसली. पोरीचं वर्ष आणि माझी जागा असं सरळ तागडीत मांडलं होतं आणि तरी मला ठरवता येत नव्हतं. त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते.

मुलं बाहेर गेली. परीक्षकांनी अहवाल माझ्याकडं सरकवला. “अंतर्गत परीक्षक म्हणून इथं सही करा, मॅडम.”

मी पेन घेतलं. चाचा बरण्या उचलायच्या निमित्तानं माझ्या शेजारी आले आणि अगदी हळू म्हणाले, “मॅडम, माझं नाव घ्या. चाचानं बरणी बदलली म्हणा. मी जूनमध्ये रिटायर व्हायलोय, माझं कोण काय करतंय? पण बेटीला सोडवा.”

खरं सांगते, मला ते क्षणभर पटलं. किती सोपं होतं. पोरगी सुटली असती, मी सुटले असते, आणि चाचा तर जाणारच होते. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमध्ये घालून घालून बोटांची कातडी पांढरी पडून भेगाळली होती. त्याच हातांतून मी ती बरणी हिसकली होती. मी पेन खाली ठेवलं.

“सर, सही करता येणार नाही. ती बरणीत काय आहे ते बघत होती. कारण बरणीत पेरिपॅटस नाही.”

“काय?”

“घाटेअळी आहे. मीच घातली आहे. तीन वर्षांपूर्वी खरा नमुना माझ्या हातून फुटला.”

परीक्षक माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मला ऊन लागलं आहे. मी बोलत बसले नाही. बरणीचं झाकण काढलं, चिमट्यानं काचेची पट्टी बाहेर काढून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवली. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत गेला आणि डोळे भरून आले, ते सोयीचंच झालं. पट्टी उलटी केली आणि मुलीला हाक मारली. “ये इकडं. सरांना पाय मोजून दाखव.”

ती स्टुलावरून उठेना. चाचा तिच्यापाशी जाऊन म्हणाले, “जा बेटी, घाबरू नको.” ती आली. सुई हातात घेतली. सुईचं टोक एकदाही चुकलं नाही. “हे तीन जोड, सर, यांना सांधे हायेत. मग इथं रिकामं. मग हे चार जोड, सांधे न्हाईत, खाली बारीक वाकडे काटे असतेत. आन् हा शेवटचा एक.” मग जरा थांबली, आणि सुईनं डोक्याजवळचा एक केस हलवला. तो दोऱ्यातून सुटून ट्रेमध्ये पडला. “आन् ह्या मिशा न्हाईत, सर. ह्या लावल्यात.”

परीक्षक वाकून बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते, आणि का ते मला कळत होतं. सकाळी ही बरणी त्यांनी स्वतः निवडली होती, नमुना चांगला आहे म्हणून. शेवटी सरळ झाले, अहवालाचा कागद घेतला, चार तुकडे करून खिशात घातला. “मॅडम, तुम्ही फार वाईट काम केलंत,” ते म्हणाले. “हो सर,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कायमच्या जागेवर पुढं दुसरं कोणी लागलं. या प्रकरणामुळं की नुसतंच, ते मला कधी कळलं नाही. मी अजून तासिकेवरच आहे.

पण तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता. पोरगी वाचली होती. मला तर अभिमानही वाटायला लागला होता, माझा नाही, तिचा. म्हटलं, आता सर हिचं उत्तर बघतील, सोळांमध्ये एकीनं खरं लिहिलं आहे, आणि मी म्हणेन की बघा सर, ही आमची विद्यार्थिनी. परीक्षकांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी पालथा ठेवलेला तिचा कागद सरळ केला, सहाव्या स्पॉटवर बोट ठेवलं, आणि कागद माझ्याकडं दिला.

तिथं आधी बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, घाटेअळी, संघ संधिपाद, वर्ग कीटक. त्यावर एक सरळ रेघ ओढली होती. खाली लिहिलं होतं, पेरिपॅटस, गांडूळ व किडे यांच्यातील दुवा.

ओरडा होण्याच्या आधी ती ते खोडून मोकळी झाली होती. पाय मोजले, हातावर लिहून पडताळले, आणि खोडलं.

परीक्षक हात धुवायला गेले. मी तिला बाजूला घेतलं. “अगं, मोजलं होतंस ना? दिसत होतं ना तुला? मग खोडलंस का?”

तिनं तळहाताकडं बघितलं. घामानं आकडे फिसकटले होते.

“मला वाटलं माझंच मोजायचं चुकलं असंल, मॅडम,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं होतं ना, मला फरक कळत न्हाई म्हणून.”

मला तिची माफी मागायची होती. मी मागितलीही, पण तिला ती नीट कळलीच नाही. मॅडम आपली माफी का मागतात, म्हणून ती आणखीच बावरली आणि “न्हाई मॅडम, न्हाई मॅडम,” करत राहिली. परीक्षकांनी तिला उरलेले स्पॉट लिहू दिले, आणि मग चाकूरची बस चुकेल म्हणून चाचांनी तिला पिटाळलं.

संध्याकाळी परीक्षक आणि मी गुण भरायला बसलो. त्यांनी विचारलं, स्पॉट सहाचं काय करायचं? मग त्यांचं त्यांनीच उत्तर दिलं, उत्तरसूचीत आहे तेच धरायचं, आता बदललं तर सगळ्यांना भोगावं लागेल. ट्रेमधली अळी तोवर सुकत चालली होती. मी एकेक कागद उघडत गेले. सोळाच्या सोळांनी पेरिपॅटस लिहिलं होतं. सोळाही जणांना त्या स्पॉटचे पूर्ण गुण मिळाले, आणि तिच्या नावापुढंही ते मीच माझ्या हातानं भरले.